गाडीची पाठ

गाडी माझ्या नावावर, लायसन माझं, आणि चावी मात्र मामाजींच्या बंडीच्या खिशात. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. हे मामाजी जन्मभर लाल बस चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात जे काही चाकांवर चालतं त्याचे मालक तेच. सकाळी शाळेला निघताना मी हात पुढे करायचा. ते बंडीत हात घालणार, एकदा गाडीकडे बघणार, एकदा माझ्याकडे बघणार, आणि मग तीर्थप्रसाद दिल्यासारखी चावी तळहातावर ठेवणार. संध्याकाळी परत जमा. मी पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, अख्खा वर्ग माझ्या एका नजरेनं गप्प बसतो, आणि स्वतःच्या गाडीच्या चावीसाठी रोज हात पसरायचा. राग यायचा. खोटं कशाला बोलू, फार राग यायचा.

पण बोलायला तोंड नव्हतं, कारण आदल्या पावसाळ्यात मीच शेण खाल्लं होतं. आम्ही चिखलीला राहतो आणि माझी शाळा उंद्रीच्या पलीकडे एका खेड्यात आहे. डांबरी रस्त्यानं गेलं की वळसा पडतो. शेतांमधून एक पांदण आहे, बैलगाडीची वाट, तिनं गेलं की वीस मिनिटं वाचतात. एके दिवशी उशीर झाला आणि मी घातली गाडी पांदणीत. ओली काळी माती काय चीज आहे हे मला कोणी शिकवायला नको होतं, याच मातीत वाढले मी. तरी घातली. गाडी पोटापर्यंत रुतली. गावातून ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरबरोबर अर्धं गाव आलं, आणि कोणीतरी काढलेला व्हिडिओ माझ्या आधी मामाजींच्या मोबाइलवर घरी पोचला.

त्या दिवशी मी सगळ्यांदेखत शब्द दिला, पुन्हा पांदणीत गाडी घालणार नाही. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शब्दाचं राहू दे बाई," ते म्हणाले. "माणूस तोंडानं काही बी सांगते. गाडीची पाठ खरं सांगते. पाठ मळकी दिसली का चावी बंद. मंग जाय काळीपिवळीत बसून."

काळीपिवळी म्हणजे वडाप जीप. दहाच्या जागी सोळा माणसं, मांडीवर कोणाचं तरी पोरगं आणि पायाशी कोंबडी. पंधरा वर्षं मी त्या जीपनं शाळेत गेले होते. गाडी घेतली तीच मुळी त्यातून सुटण्यासाठी, आणि पुन्हा त्यात बसायची माझी तयारी नव्हती.

पावसाळाभर निभावलं. हिवाळा लागला आणि माझे ग्रह फिरले. रस्ता रुंद करायचं काम निघालं, जागोजागी मुरूम टाकला, आणि माझी गाडी रोज संध्याकाळी पाठीवर जाड थर घेऊन घरी येऊ लागली. गंमत अशी की समोरची काच बरी असायची, दारं बरी असायची, पण मागची काच म्हणजे सारवलेली भिंत. मामाजी चष्मा लावून मागे जायचे, काचेवरून बोट फिरवायचे आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरायचे.

"हे काय हाये?"

"धूळ."

"कोठची?"

"रस्त्याची."

"रस्त्याची त समोरून लागन. गाडी पुढं जाते का मागं? मंग मागं काऊन लागली?"

आणि इथंच माझी बोलती बंद व्हायची. पोरांना मी विज्ञान शिकवते. पाऊस का पडतो, लोखंड का गंजतं, सगळं तोंडपाठ. पण धूळ समोर लागायची सोडून मागे का लागते, ते मला सांगता येईना. त्यात मामाजींची स्वतःची एक जुनी डिक्कीवाली गाडी आहे. ती त्याच रस्त्यानं बाजाराला जाऊन यायची आणि तिच्या मागच्या काचेतून आरपार दिसायचं. मामाजी दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या करायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "दोन्ही एकाच रस्त्यानं आल्या म्हन्ते आमची सूनबाई. पाहा बरं."

आमचे हे या बाबतीत फार हुशार. बाप आणि बायको यांच्यामध्ये बोलणं म्हणजे चालू मळणीयंत्रात हात घालणं, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तपासणी सुरू झाली की ते उठून झाडांना पाणी घालायचे, आधी घातलेलं असलं तरी.

एक गोष्ट कबूल करून टाकते. डिसेंबरात एकदा मुख्याध्यापकांचा फोन आला, तपासणीला साहेब येताहेत, लवकर या. पांदण तेव्हा कोरडी ठणठणीत होती. गेले मी पांदणीनं, जाताना आणि येताना पण. खड्ड्यांमुळे बैलाच्या चालीनं गाडी हाकली. संध्याकाळी मामाजींनी बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "शाब्बास. आज सरळ रस्त्यानं आली." मी खाली मान घालून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून हसले. पण त्या रात्री हेही वाटलं, की खरं वागून रोज बोलणी खायची आणि खोटं वागून शाबासकी घ्यायची, हा कुठला न्याय.

गाडीच्या रोजच्या तपासणीनंतर गोष्ट असायची. मामाजींच्या ठेवणीतल्या गोष्टींपैकी ही सगळ्यात लाडकी. त्यांच्या डेपोत बस धुणारा एक माणूस होता, देऊळगाव राजाचा. बस पुढून चकाचक, मागून उकिरडा. मामाजींना वाटायचं, हा पुढचं तोंड तेवढं धुतो आणि मागे कामचुकारी करतो. एकदा वरून साहेब आले असताना बस मागून मळकी निघाली आणि मामाजींना चारचौघांत बोलणी खावी लागली. त्यांनी त्या धुणाऱ्याला जाब विचारला. तो म्हणाला, सकाळी धुतली होती साहेब, तुम्ही फेरी करून आणली तेव्हा अशी झाली. मामाजींनी लेखी तक्रार केली. त्या माणसाची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वरवट बकालच्या बाजूला, घरदार सोडून तीन वर्षं.

आणि गोष्टीचा शेवट मामाजी उभं राहून, त्या माणसाचा आवाज काढून करायचे. "जाता जाता मले काय म्हन्ते, साहेब, गाडी सोताच सोताच्या पाठीवर माती वढून घेती. घ्या! गाडीले हात फुटले!" ऐकणारे हसायचे. मीही सून म्हणून आले तेव्हापासून दरवेळी हसत होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी मामाजींनी निकाल दिला. बोटावर धुळीचा पापुद्रा आला होता. "बस झालं. सोमवारपासून काळीपिवळी," ते म्हणाले आणि चावी बंडीत टाकून बटण लावलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी अशा थापल्या की शेजारची बघायला आली.

दुसऱ्या दिवशी शेतात रोडगे होते. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि वांग्याच्या भाजीत कुस्करून खायचे. हिवाळ्यात आमच्याकडे एक तरी रविवार त्याच्यासाठी राखलेला असतो. आधी शेताची पूजा, नैवेद्य, मग जेवण. मी रुसलेलीच होते, पण रोडग्यांवर रुसायची माझी हिंमत नाही.

आर धुमसत होता आणि वारा गार होता. मामाजी घोंगडी पांघरून वाऱ्याकडे पाठ करून बसले, म्हणजे धूर पलीकडे जाईल. धूर काही पलीकडे जाईना. वळून वळून त्यांच्याच तोंडावर येई. ते खोकले, सरकून बसले, पुन्हा वाऱ्याला पाठ दिली, पुन्हा धूर तोंडावर. मी आडवी बसले होते, वारा माझ्या कुशीवर होता, आणि मला धुराचा पत्ताही नव्हता.

"धुराले बी सासराच सापडला का," मामाजी डोळे पुसत करवादले.

आणि मला एकदम कळलं. हातातला रोडगा तसाच राहिला.

"मामाजी," मी म्हटलं, "तुमची पाठ म्हंजे माह्या गाडीचं तोंड हाये."

आमच्या ह्यांनी पाण्याची बादली शोधायला सुरुवात केली. पण मी आता थांबणार नव्हते. मी सांगितलं, वारा तुमच्या पाठीवर येऊन आपटते अन् दोन्ही अंगानं पुढं निघून जाते. तुमच्या समोर जागा रिकामी पडते. ती भरायले थोडी हवा उलटी फिरून येते, अन् येताना धूर घेऊन येते. गाडीचंही तेच. माह्या गाडीची पाठ सरळ उभी, कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी. हवा टपावरून येते, तिले त्या काठावर एकदम खाली वळता येत नाही, ती सरळ निघून जाते. गाडीच्या मागं जागा रिकामी पडते, तिथं हवा गरगर फिरते, चाकानं उडवलेली धूळ वर वढते अन् काचेवर थापते. तुमच्या गाडीले डिक्की हाये, उतार हाये. हवा त्याच्यावरून घसरत खाली जाते.

"अन् सांगा मले, माह्या गाडीले मागं वायपर काऊन दिला? तुमच्या गाडीले हाये का?"

"गाड्या विकाचे चाळे असतात ते," मामाजी म्हणाले. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. त्यांनी उठून जागा बदलली, वाऱ्याकडे कूस करून बसले. धूर यायचा थांबला. थोडा वेळ ते आराकडे बघत राहिले.

"दाखव," ते म्हणाले. "बोलून नको. दाखवलं त चावी तुही. नाही दाखवलं त उद्या काळीपिवळी."

दाखवायचं कसं? हवा डोळ्यांना दिसत नाही. मी पूजेच्या ताटातला लाल नाडा घेतला, वीत वीत लांबीचे तुकडे केले, पर्समध्ये मास्तरणीकडे असतेच ती चिकटपट्टी काढली, आणि टपाच्या मागच्या काठाला एक रांग आणि काचेवर दोन रांगा चिकटवल्या. जिकडे हवा जाईल तिकडे धागा जाईल. त्या वेळी मला माझ्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं, की पूजेचा नाडा गाडीला लावून उंद्रीतून जायचं म्हणजे काय होईल, हे सुचलंच नाही.

माझ्या गाडीत मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी आहेत. मामाजी त्यातल्या एकावर बसले, काचेला नाक लावून, पांढरी टोपी, पांढरी बंडी, खांद्यावर घोंगडी. आमचे हे पुढे माझ्या शेजारी. मी मुद्दाम डांबरी रस्त्यानं निघाले आणि चांगला वेग धरला.

सुरुवातीला मागून बातम्या येत होत्या. "टपावरचे सरळ मागं गेले. हाव, बराबर हाये." मग, "काचेवरचे... हे त वरतं चढून राह्यले." पुढे मुरुमाचा पट्टा लागला. आरशात मला मामाजींची नुसती टोपी दिसत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर चाकाखालची धूळ उठली, मागे पडली, आणि मागे पडून न राहता वळून गाडीच्या मागे धावली आणि त्यांच्या नाकासमोर काचेवर येऊन बसली.

"आपल्याच मागं लागून राह्यली ना बे ही," ते ह्यांना म्हणाले.

उंद्रीला चहासाठी थांबले. मामाजी उतरले नाहीत. तसेच काचेशी बसून राहिले, डोळे समोर लावून. मी चहा सांगायला गेले आणि परत येऊन बघते तर गाडीच्या मागे पाचसात बाया उभ्या. लाल धाग्यांनी भरलेली गाडी, आत धुळीच्या काचेमागे पांढऱ्या टोपीतला, न हलणारा म्हातारा. एकीनं हात जोडले होते.

"कोनते महाराज व्हय बापू?" तिनं ह्यांना विचारलं.

लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसानं कधी नको तिथं तोंड उघडलं नाही. नेमकं तिथं उघडलं.

"मौनात हायेत," ते म्हणाले.

झालं. एकीनं बंपरवर दोन पेरू ठेवले. दुसरीनं पिशवीतली कुंकवाची डबी काढून मागच्या दाराला बोट लावलं. एका आजीनं आपल्या पदराचा दोरा काढून माझ्या नाड्याला गाठ मारली आणि नातीचं लग्न जमू दे असं काचेला सांगितलं. मामाजींनी हात वर केला, बहुधा बाजूला व्हा म्हणायला. बाया आणखी वाकल्या. मी हसत सुटले, चहा सांडला, आणि आता मामाजी सगळ्यांचा उद्धार करणार म्हणून वाट बघत राहिले. पण ते काही बोलले नाहीत. तेव्हा माझं हसू थांबलं, कारण मामाजी गप्प बसले की समजावं, काहीतरी खोल रुतलंय.

गाडी सुरू झाल्यावर बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"देऊळगाव राजाचा तो धुणारा... जिता हाये का रे?"

बावीस वर्षं मी त्या माणसाच्या खऱ्या बोलण्याला हसत आले होते, आणि आज दिवसभर स्वतःच्या हुशारीवर फुगले होते. मी रोडग्यापाशी जे सांगितलं ते त्यानं कधीच सांगून ठेवलं होतं, आणि तेही बस धुता धुता.

घरी आल्यावर मामाजींनी चावी मला न देता पुन्हा बंडीत टाकली. सोमवारी सकाळी मी हात पुढे केला, त्यांनी चावी ठेवली, काळीपिवळीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी हात पुढे केला त्यांनी, मी परत दिली. आठवडाभर तसंच. मामाजी शब्द देऊन फिरले म्हणून मी आतल्या आत धुसफुसत होते. पण पाठ तपासायला मात्र ते एकदाही आले नाहीत, आणि ती लाडकी गोष्टही कोणाला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी उठले तर मामाजी अंगणात. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात पाण्याचा पाइप. पंच्याहत्तरीचा माणूस, गाडी धुवायचा हुकूम सोडण्यापलीकडे कधी फडक्याला हात न लावलेला, माझ्या गाडीची मागची काच वर्तमानपत्रानं पुसत होता. नाडे काढून त्यांनी नीट गुंडाळून तुळशीपाशी ठेवले होते, आजीच्या दोऱ्यासकट.

"देऊळगाव राजाले जायचं हाये," ते म्हणाले. "तू चालव."

वाटेत काच मळू नये म्हणून मी मुद्दाम हळू चालवू लागले तर म्हणाले, "बसच्या चालीनं घे." मी घेतली.

देऊळगाव राजात विचारत विचारत घर सापडलं. म्हातारा अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. मामाजींपेक्षा बारीक, दात गेलेले. डोळ्यांवर हात धरून त्यानं बघितलं.

"डायवरसाहेब? या की, बसा की. इकडं कुणीकडं?"

मामाजी बसले नाहीत. रामराम पण घातला नाही. त्याच्या कोपराला धरून त्याला उठवलं आणि गाडीच्या मागे नेलं. काच सकाळी आरशासारखी होती, आता तिच्यावर मुरुमाचा पिवळट थर. दोन म्हातारे त्या थरासमोर उभे राहिले.

"सकाळी धुतली होती," मामाजी म्हणाले. "म्या सोता. सोताच्या हातानं."

म्हाताऱ्यानं काचेवरून बोट ओढलं, बोट बघितलं, मामाजींकडे बघितलं. त्याला सगळं कळायला तेवढा वेळ पुरला.

"धुतली असंल की," तो म्हणाला. "मी कुठं नाही म्हन्तो. आता गाडीच साहेब..."

"सोताच सोताच्या पाठीवर माती घेते," मामाजींनी पुरं केलं. या वेळी आवाज काढला नाही. आणि मग टोपी काढून डोळ्यांना लावली. "तीन साल तुले घरापासून दूर धाडलं बाप्पा म्या. बिनकसुरीचं."

म्हाताऱ्यानं मळकं बोट धोतराला पुसलं. मग म्हणाला, "तवा लई वंगाळ वाटलं, खोटं कशाला बोलू. पर तिकडंच पोरीला ठिकान भेटलं. जावई सोन्यासारखा हाय. तुमी तक्रार केली नसती तर भेटला नसता." आणि तो बोळक्या तोंडानं असा हसला की मामाजींनाही हसावं लागलं.

चहा झाला, तुरीच्या शेंगा पिशवीत भरून मिळाल्या. निघताना बघते तर म्हातारा बादली आणि फडकं घेऊन गाडीमागे उभा. "मागचं तेवढं धुऊन देतो," तो म्हणाला. मामाजींनी त्याच्या हातातून बादली काढून घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "घरी जाईस्तोवर पुन्हा तशीच होते."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सवयीनं मी चावी मामाजींसमोर धरली. ते खाटेवर टेकले होते, त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुह्याजवळच राहू दे आता," ते म्हणाले. "माह्या बंडीचा खिसा फाटला."

बंडी रोज मीच धुते. खिसा धड होता.